चष्म्याचा नंबर आणि लेझर

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

चष्मा सुटावा म्हणून लॅसिक, म्हणजे डोळ्यांचं लेझर ऑपरेशन, करून घेऊ का यावर आपलं बोलणं चाललंय. आई म्हणते, चांगल्या डोळ्यांना हात लावू नकोस. बाबा म्हणतात, दहा मिनिटांचं काम आहे, उरकून टाक. फोनवर दोघांशी एकदम वाद घालणं मला जमत नाही, म्हणून लिहिते आहे.

वेळ खरंच तेवढाच लागतो, लेझर तर काही सेकंदच चालतो. पण त्यात कॉर्नियाचा, म्हणजे बुब्बुळावरच्या पारदर्शक पडद्याचा, जो भाग जातो तो परत येत नाही. त्यामुळे सगळा हिशोब जाडीचा. माझा कॉर्निया मधोमध 520 मायक्रॉन, जेमतेम अर्धा मिलिमीटर. लॅसिकमध्ये वरचा साधारण 110 मायक्रॉनचा पापुद्रा उचलून बाजूला करतात आणि खालून एका नंबरामागे 14-15 मायक्रॉन काढतात. माझा नंबर उणे पाच, म्हणजे सत्तर-पंच्याहत्तर गेले. उरले 335 च्या आसपास. निदान 250 तरी उरावे लागतात, नाहीतर कॉर्निया कमकुवत होऊन पुढे फुगू शकतो. इथवर मी पास.

अडलंय ते नकाशावर. कॉर्नियाच्या चढउतारांचं रंगीत चित्र काढतात, त्यात डाव्या डोळ्याला खालच्या बाजूला लालसर उभार दिसला. कॉन्टॅक्ट लेन्सच्या दाबानेही तसं दिसू शकतं, म्हणून लेन्स बंद ठेवून पुन्हा बोलावलंय. उभार तसाच राहिला तर लॅसिक नाही, विषय संपला.

आई, दृष्टी जाण्याची तुला भीती वाटते, पण ते फार क्वचित होतं. मला धास्ती आहे ती कोरडेपणाची. पापुद्रा कापताना बारीक नसा तुटतात, त्यामुळे काही महिने डोळे चुरचुरतात, कुणाकुणाचे त्याहून जास्त. दिवसभर स्क्रीनसमोर बसणाऱ्या मला ते परवडणारं नाही. रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात, ते वेगळंच.

आणि बाबा, "मीही करून घेऊ का" याचं उत्तर नाही असं आहे. तुमचा मोतीबिंदू आतल्या भिंगात आहे, हा लेझर वरच्या पडद्यावर चालतो. तेच भिंग ताठर होतं म्हणून मलाही पुढे जवळचा चष्मा लागणारच, लेझर करो वा न करो.

एक काम करा. आत्याला विचारा, तिच्याकडे कुणाला केराटोकोनस (कॉर्निया पातळ होऊन पुढे फुगण्याचा आजार, माझ्या उभारामागे तोच असू शकतो) सांगितला होता का, किंवा कुणाचा चष्म्याचा तिरका (सिलिंडर) नंबर सारखा वाढत होता का. डॉक्टरांना घरातली माहिती हवी आहे. पुढच्या तपासणीच्या आत कळवा.

तुमची,
मनू