तेलशोषक पॅड आणि क्लीनरबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

हर्णै बंदरात माझी मासेमारीची यांत्रिक नौका आहे. इंजिनखाली साचणाऱ्या पाण्यात डिझेल आणि जळकं ऑईल असतंच. ते पाणी तसंच पंपाने बाहेर टाकायचं नाही, असं ठरवून मासेमारीबंदी उठण्याआधी, जुलैमध्ये, आपल्याकडून पूर्ण संच घेतला: तेल आणि पाणी वेगळं करणारी तिरप्या पत्र्यांची सेपरेटर टाकी, तेलशोषक पॅड आणि क्लीनरचा कॅन. पावतीची प्रत जोडली आहे. टाकीबद्दल माझी तक्रार नाही. बाकीच्या दोन वस्तूंबद्दल आहे.

पॅडच्या पाकिटावर ठळक छापलंय, ‘फक्त तेल शोषतो, पाणी नाही’. असे पॅड पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या तंतूंचे असतात. ते पाणी धरत नाहीत आणि तेल पिऊनही तरंगतात. आपण पाठवलेला राखाडी पॅड मी बादलीभर स्वच्छ खाऱ्या पाण्यात टाकला, तर तो बघता बघता गच्च भिजून तळाला गेला. सहसा पांढरे पॅड तेलासाठी आणि राखाडी कुठल्याही द्रवासाठी असतात. गॅरेजच्या फरशीवर सांडलेलं पुसायला राखाडी ठीक आहेत, पण पाण्यावरचा तवंग उचलायला ते कुचकामी, कारण ते आधी पाण्यानेच भरतात.

पॅड एक वेळ बदलून मिळतील. क्लीनरचा प्रकार जास्त गंभीर आहे. टाकीत पाणी सोडण्यापूर्वी त्यात क्लीनर ओता, असं आपलं माहितीपत्रक सांगतं. मी इंजिनखालचं तेच पाणी दोन बाटल्यांत भरलं. एकीत काहीच घातलं नाही, दुसरीत झाकणभर क्लीनर घालून हलवलं. पहिलीत डिझेलचा थर वर आला, खालचं पाणी निवळलं. दुसरीतलं पाणी ताकासारखं पांढुरकं झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही तसंच होतं. साबणाच्या जातीचा पदार्थ तेलाचे अगदी बारीक थेंब करतो आणि ते पुन्हा एकत्र येऊ देत नाही. थेंबाचा व्यास निम्मा झाला की वर येण्याचा वेग चौथाईवर येतो. आपली टाकी तर याच्या उलट तत्त्वावर चालते: थेंब पत्र्यांना लागावेत, एकमेकांत मिसळून मोठे व्हावेत आणि वर यावेत. क्लीनर घातला की टाकीला करण्यासारखं काही उरतच नाही. एकाच कंपनीने या दोन वस्तू एकत्र विकाव्यात, हे मला पटत नाही.

आपल्या प्रतिनिधीला फोनवर हे सांगितलं. तो म्हणाला, “तवंग दिसत नाही ना? मग झालं की.” नाही झालं! तेल कुठे गेलेलं नसतं, ते पाण्यात खाली उतरलेलं असतं. पावसाळ्यात आमच्या नौका आंजर्ल्याच्या खाडीत आश्रयाला असतात. खाडीतली कालवं आणि तिसऱ्या (शिंपल्या) पाणी गाळूनच पोट भरतात, आणि तीच आमच्या घरात शिजतात. मोठ्या जहाजांना मार्पोल या समुद्रप्रदूषण रोखण्याच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार असं पाणी सोडताना त्यात दहा लाख भागांत तेलाचे 15 भागच चालतात. तिथे तेल मोजतात, तवंग दिसतो की नाही यावर भागवत नाहीत.

माझं म्हणणं एवढंच: पॅड परत घेऊन पांढरे द्या किंवा पूर्ण पैसे परत करा, क्लीनरमध्ये काय आहे ते लेखी कळवा आणि तो या संचातून काढा. तेल प्यायलेले पॅड आम्ही कुठे द्यायचे, तेही माहितीपत्रकात मराठीत छापा. आज त्यावर एक ओळही नाही.

15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. स्वतःच्या उपजीविकेसाठी वस्तू घेणाराही ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार ग्राहकच आहे.

या बंदरात आपण हा संच इतरांनाही विकला आहे. त्यांना क्लीनर वापरू नका, असं आधी कळवा. माझे पैसे त्यानंतर दिलेत तरी चालेल.

आपला,
एक नौकामालक
हर्णै, ता. दापोली, जि. रत्नागिरी