जुनी गिटार चतुर्थीच्या साफसफाईत विकू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चतुर्थीआधी घर झाडायला काढले की माळ्यावरच्या जुन्या वस्तू खाली येतात. वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंत अनेक घरांत त्यांत नायलॉन तारांची एखादी क्लासिकल गिटार असते आणि बहुतेकदा ती त्याच आठवड्यात मिळेल त्या भावाला जाते. तिची किंमत ठरवायला वर्षातला याहून वाईट काळ नाही. भर पावसाळ्यात आपल्याकडे हवेतली आर्द्रता ८५-९० टक्क्यांवर असते, गिटारला मानवते ४५ ते ५५. लाकूड फुगते, तबली (वरची फळी) पोट काढते, तारा उंच होतात आणि गिऱ्हाईक म्हणते, नेक (तारांखालची लांब दांडी) गेली. दिवाळी होऊ द्या. तेवढा धीर नसेल, तर बंद केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या आणि छोटा आर्द्रतामापक घालून दोन-तीन आठवडे ठेवा. उन्हात मात्र घालू नका, फळी तडकते.

मग मोजमाप. नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट; त्यांतल्या बाराव्या फ्रेटवर बारीक ‘ई’ तार सुमारे ३ मिमी आणि जाड ‘ई’ ४ मिमी उंच असणे ठीक. त्याहून बरीच वर असेल, तर ब्रिजमधली (तबलीवरच्या, तारा बांधायच्या लाकडी ठोकळ्यातली) पांढरी सॅडल, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, पाहा. बाराव्या फ्रेटवर १ मिमी उतरवायला सॅडल २ मिमी घासावी लागते. ती ब्रिजच्या वर मिलिमीटरभरच उरली असेल, तर घासायला जागाच नाही. बहुतेक जुन्या क्लासिकल गिटारमध्ये ट्रस रॉड (नेकचा वाक सुधारायची आतली सळई) नसतो, आणि स्पॅनिश पद्धतीच्या बांधणीत बाजूच्या फळ्या नेकच्या टाचेतच (नेक पेटीला मिळते त्या जाड भागात) बसवलेल्या असतात, त्यामुळे नेक सोडवून कोन बदलणे फार खर्चाचे. किमतीला सर्वांत मोठी कात्री इथे लागते.

या अवस्थेमागे पुष्कळदा स्टीलच्या तारा असतात. आवाज मोठा व्हावा म्हणून कोणीतरी त्या चढवतो. नायलॉनच्या सहा तारांचा एकूण ताण सुमारे ४० किलो, स्टीलच्या साध्या संचाचा ७० च्या पुढे. ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद सरकतो का, ब्रिजपुढची तबली खचली आहे का, हे तपासा. ब्रिजमागे हलका फुगवटा असणे मात्र स्वाभाविक आहे.

वयाने किंमत वाढते हा समज सोडून द्यावा. प्लायची गिटार चाळीस वर्षांनीही प्लायचीच राहते. आवाजाच्या भोकाची कड बघा: लाकडाच्या वरच्या रेषा कडेवरून सलग खाली उतरत असतील तर तबली अखंड लाकडाची, थर दिसले तर प्लायची. भोकातून दिसणाऱ्या लेबलाचा फोटो घ्या. यामाहाच्या लेबलावर ‘निप्पॉन गाक्की’ असेल, तर ती १९८७ च्या सुमारास कंपनीचे नाव बदलले त्याआधीची. पण तेवढ्याने ती अखंड लाकडाची ठरत नाही. ‘गिवसन’ हे नाव कोलकात्याचे. अमेरिकन गिब्सनचे भाव वाचून त्याची किंमत सांगू नये.

अंधाऱ्या खोलीत आत मोबाईलचा दिवा सोडा, आरपार गेलेली भेग उजेडाने कळते. बोटाच्या पेराने तबली हलकेच वाजवा. खरखर आली तर तबलीला आतून आधार देणारी एखादी पट्टी सुटली आहे, कारण जुना सरस दमटपणात धरत नाही. टाचणीएवढी भोके आणि पिठासारखा ताजा भुसा म्हणजे कीड जिवंत आहे. अशी गिटार घरातल्या इतर वाद्यांपासून आधी दूर करा, आणि घेणाऱ्याला हे सांगितलेच पाहिजे.

विकण्याआधी पॉलिश मारून घेऊ नका. चांगल्या जुन्या गिटारवर चपड्याचा (लाखेच्या पॉलिशचा) पातळ हात असतो. वर दुसरा जाड थर चढला की आवाज दबतो आणि जाणकार हात आखडतो. सुटलेला ब्रिज सुताराच्या पांढऱ्या गोंदाने चिकटवणेही नको. ताणाखाली तो हळूहळू सरकतो आणि पुढच्या कारागिराला साफ करायला त्रास देतो.

भाव काढताना त्याच मॉडेलची गिटार प्रत्यक्षात कितीला विकली गेली ते पाहा, जाहिरातीतला मागितलेला आकडा नव्हे, आणि त्यातून दुरुस्तीचा खर्च वजा करा. खाऱ्या हवेने गंजलेल्या, तारा पिळायच्या किल्ल्या दाखवून कोणी अर्धी किंमत पाडू लागला तर ऐकू नका. बहुतेक गिटारांत त्यांच्या दांड्यांमधले अंतर ३५ मिमी असते. ते मोजून घेतले की तीन-तीनच्या पट्टीचा नवा साधा जोड सहज बसतो.

– एक वाद्यदुरुस्तीकार, वेंगुर्ले