मामाच्या दारात नोटीस : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री महोदय,
सादर नमस्कार.

हे पत्र क्रीडामंत्र्यांना लिहावं की आपल्याला, यावरच दोन दिवस गेले. क्रीडा शिक्षकातली 'क्रीडा' एका मंत्र्याकडे आणि 'शिक्षक' दुसऱ्याकडे, त्यामुळे आमचं कुठलंही काम 'ते त्यांच्याकडे येतं' इथवर जाऊन थांबतं. मला प्रश्न पगाराचा विचारायचाय, म्हणून आपल्याला त्रास देतोय.

29 ऑगस्टला, राष्ट्रीय क्रीडा दिनी, शाळेत माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, दोन शब्द. संध्याकाळी मामाचा फोन. "बँकेचा माणूस आलाता. कागद देऊन गेला. काय लिवलंय इचारलं तर म्हणला, भाच्याला इचारा."

मामा कोरेगाव तालुक्यात आल्याचं पीक घेतो. सोसायटीचं कर्ज त्याने जन्मात एक दिवस थकवलं नाही. माझ्या शैक्षणिक कर्जाला तो जामीन आहे. चार लाखांच्या आतल्या शैक्षणिक कर्जाला तारण-जामीन लागत नाही, हे मला अलीकडे कळलं. तेव्हा शाखेतले साहेब "जामीन आणा, मग बघू" म्हणाले आणि मामाने काही न वाचता सही केली. आता माझे तीन हप्ते थकलेत आणि चावडीवर मामाला विचारतात, काय, भाचा मास्तर झाला म्हणं?

झाला. हिशेबच ऐका. बी.पी.एड.साठी, म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या पदवीसाठी, 2,40,000 रुपये काढले. दोन वर्षांची फी, मेस, स्पाइक्स, कॅम्प, सगळं त्यातच. व्याज 11 टक्के. कोर्स संपल्यावर वर्षभर हप्ता नसतो, व्याज मात्र चालूच असतं. हप्ता सुरू झाला तेव्हा आकडा 3,06,000 वर गेलेला. सात वर्षं, महिना 5,240. आणि कमाई? संस्था 9,000 देते, तेही दहाच महिने. उन्हाळ्याच्या सुट्टीत क्रीडा शिक्षकाला भूक लागत नसावी. वर्षाचे 90,000, त्यातून हप्त्याचे 62,880 गेले की उरले 27,120. म्हणजे महिना 2,260. माझ्या गाडीचं पेट्रोलही त्यात भागत नाही.

संस्थेच्या सचिवसाहेबांनी घेताना शब्द दिला होता, "अनुदान येऊ दे, पद तुमचंच." यंदा जूनमध्ये तेच साहेब म्हणाले, संच मान्यतेत, म्हणजे सरकार शाळेला मंजूर करतं त्या पदांत, तुमचं पद बसत नाही, तुम्ही तासिकेवर चालू ठेवा. पी.टी.चे निम्मे तास गणिताला दिले. फक्की मारायला, मुलांची ओळखपत्रं भरायला, तालुका स्पर्धेला टेम्पो ठरवायला मीच. दहावीच्या खेळाडूंच्या सवलतीच्या गुणांचे प्रस्ताव करायला रात्री अकरापर्यंत बसायलाही मीच. तेव्हा पालक 'सर, सर' करतात. निकाल लागला की पुन्हा मी 'पी.टी.वाले'.

जिम कर ना, असा सल्ला सगळे देतात. केली. कराडात संध्याकाळी चार तास, 6,000 रुपये. थकलेले हप्ते आता त्यातूनच फेडायचेत. शेजारच्या मशीनवर शिकवणारा पोरगा सहा आठवड्यांचं सर्टिफिकेट घेऊन आलाय, त्यालाही 6,000. मालक चांगला माणूस आहे, तोंडावर बोलला, "सर, डिग्रीचं मला काय करायचंय? गिऱ्हाईक दंड बघतं." त्याचं तरी काय चुकलं? सरकारच डिग्री बघत नाही. भरती अकॅडमीत मी शिकवलेली पोरं पोलिसात लागली. 1600 मीटर, 100 मीटर, गोळाफेक, पहाटे पाचला उठून करून घेतलं. एकजण पेढे घेऊन आला. पाया पडला आणि हळूच म्हणाला, "सर, तुमचं काय झालं?"

15 जानेवारीला आपण सगळे ऑलिंपिक पदकवीर पैलवान खाशाबा जाधवांना हार घालतो. राज्य क्रीडा दिन. त्यांचं गाव गोळेश्वर माझ्या रोजच्या वाटेवर आहे. 1952 ला खाशाबांना हेलसिंकी ऑलिंपिकला जाता यावं म्हणून राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी स्वतःचं घर गहाण टाकून 7,000 रुपये उभे केले. त्या प्राचार्यांकडे गहाण टाकायला घर तरी होतं, साहेब. माझ्याकडे शिट्टी आणि स्टॉपवॉच आहे. कर्ज काढूनच पदकं आणायची, तर खातं कशाला हवं?

आणि ही दुकानदारी कुणाची? 2014 च्या केंद्रीय नियमावलीने एका वर्षाचं बी.पी.एड. दोन वर्षांचं केलं. खर्च दुप्पट झाला, पगार जिथल्या तिथे. सीईटी होते, मैदानी चाचणी होते, कॉलेजं भरतात. जागा किती, हे प्रवेश देताना कुणी विचारत नाही. आमच्या एका तालुक्यात असे बेकार शंभर-दीडशे तरी असतील. अंदाजच आहे, पण तुमच्याकडे तरी खरा आकडा आहे का? शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर नशीब उघडलंच, तर माध्यमिकला शिक्षण सेवक म्हणून तीन वर्षं महिना 18,000 मानधन. त्याआधी 8,000 होते, वाढवले, त्याबद्दल आभार. 18,000 साठी आम्ही देव पाण्यात ठेवून बसलोय, यातच सगळं आलं. शैक्षणिक कर्जाच्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थाच आहेत. आमचं कॉलेज कुठलं त्यात असायला!

मागणी लिहायची राहिलीच. तासिकेवरच्याला बारा महिने मानधन द्या. नोकरी पक्की होईपर्यंत हप्ता थांबवायची सोय करा, व्याजासकट. जिममध्ये शिकवायला शारीरिक शिक्षणाची पदवी लागेल, असा नियम करा. आणि पदं भरणार नसाल, तर कॉलेजच्या दारावर तसा फलक लावा, म्हणजे पुढच्या पोराचा मामा तरी वाचेल.

सत्काराचा नारळ अजून फोडलेला नाही. उत्तर पाठवलंत तर मामाच्या पत्त्यावर पाठवा. सरकारी कागद तिथे बरोबर पोचतात.

आपला,
तासिका तत्त्वावरचा एक क्रीडा शिक्षक
ता. कराड, जि. सातारा