उतरलेला खांदा आणि ओढाओढ

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

मी पुण्यातल्या एका मंडळात पोरांना कबड्डी शिकवतो. पकडीत हात वर आणि मागे पिरगळला की खांदा पुढच्या बाजूला निसटतो. १०० उतरलेल्या खांद्यांपैकी सुमारे ९५ पुढेच येतात.

गेल्या मोसमात आमच्या एकाला जवळच्या दवाखान्यात नेलं. काखेत चादर घालून एक जण इकडे ओढतोय, दुसरा हात धरून तिकडे. पोरगं किंचाळतंय, आणि वर "अंग सैल सोड" म्हणून त्यालाच दटावणं! अहो, दुखतं म्हणून स्नायू आवळतात आणि आवळले की आणखी जोर लावावा लागतो. या धसक्यानं कितीतरी पोरं हाडवैद्याकडे जातात. तिथे एक्स-रेसुद्धा नसतो.

ओढल्याशिवायही खांदा बसतो. ऑस्ट्रेलियातले डॉ. नील कनिंगहॅम यांची पद्धत बघा. रुग्णाला खुर्चीत ताठ बसवायचं, दंड अंगालगत, कोपर काटकोनात. खांदे मागे घ्यायला सांगायचं आणि मानेकडचा, खांद्यावरचा, दंडाचा स्नायू हलक्या हातानं चोळत राहायचं. स्नायू सैलावला की हाडाचं डोकं आपसूक खोबणीत सरकतं, बरेचदा भुलीशिवाय. दुसरी रीत म्हणजे पाठीवर झोपवून, कोपर अंगाशी धरून हात सावकाश बाहेर वळवणं. दुखलं की थांबायचं. ही काही कालची खुळं नाहीत. पालथं झोपवून हात वजनासह लोंबता सोडण्याची स्टिमसन यांची पद्धत १९०० सालची आहे.

प्रत्येक खांदा असा बसेल असं नाही. मैदानावर मीच हे करावं असंही म्हणणं नाही. हाड मोडलंय का, दंडाच्या वरच्या भागाला बधिरपणा आहे का, हे डॉक्टरांनीच आधी बघावं. नाहीच जमलं तर भूल आहेच.

मागणी एवढीच: जिल्हा, उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांतल्या अपघात विभागांना या पद्धती शिकवा आणि पहिला प्रयत्न यांनीच व्हावा असं परिपत्रक काढा. नवं यंत्र घ्यायला नको, निविदा नको. ससून तुमच्या खात्यात येत नाही, ठाऊक आहे. पण औंधचं जिल्हा रुग्णालय येतं. दहीहंडीच्या आधी तिथून सुरुवात करता येईल का, तेवढं कळवावं.

आपला,
एक कबड्डी प्रशिक्षक, पुणे