‘साभार’ म्हणजे परवानगी नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एखादा लेख किंवा कविता आवडली की ती सबंध उतरवून घ्यायची, खाली ‘साभार’ असे लिहायचे आणि आपले कर्तव्य पार पडले असे मानायचे, ही सवय छापील स्मरणिकांपासून मोबाइलवरच्या संदेशांपर्यंत सगळीकडे रुजली आहे. त्याविषयी हे पत्र.

मी अनुवादक आहे, त्यामुळे स्वामित्वहक्काच्या, म्हणजेच कॉपीराइटच्या, दोन्ही बाजू मला रोज पाहाव्या लागतात. मूळ लेखकाचा हक्क कायम असेपर्यंत त्याच्या अनुमतीवाचून मी त्याच्या पुस्तकाचा अनुवाद प्रसिद्ध करू शकत नाही; परंतु अनुमतीने केलेल्या अनुवादाची शब्दरचना माझी असते आणि करारात वेगळे काही ठरलेले नसेल, तर तिच्यावरचा हक्कही माझा असतो. काही काळापूर्वी माझ्या एका अनुवादातील पूर्ण प्रकरण एका स्मरणिकेत छापले गेले. मूळ लेखकाचे नाव होते, माझे नव्हते आणि परवानगी आम्हा दोघांपैकी कोणाचीच घेतलेली नव्हती. विचारणा केली तेव्हा ‘आम्ही साभार लिहिले आहे’ एवढेच उत्तर मिळाले. मला मोबदल्यापेक्षा या उत्तराचे अधिक वाईट वाटले, कारण ते देणाऱ्यांना आपले काही चुकले असे मनापासून वाटतच नव्हते.

वास्तविक नाव देणे आणि परवानगी घेणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. साहित्य आणि कला यांच्या संरक्षणासाठी १८८६ मध्ये झालेल्या बर्न करारात १९२८ साली, रोम येथील दुरुस्तीने, लेखकाचा नैतिक हक्क समाविष्ट झाला. कृती आपली आहे हे सांगण्याचा आणि आपल्या प्रतिष्ठेला बाध येईल अशा मोडतोडीला हरकत घेण्याचा हा हक्क, आर्थिक हक्क दुसऱ्याला विकल्यानंतरही लेखकाकडे राहतो. प्रती काढणे, अनुवाद करणे, रूपांतर करणे यांस संमती द्यायची की नाही, हे ठरवण्याचा हक्क त्याहून निराळा. ‘साभार’ लिहिल्याने फार तर पहिल्याचा मान राखला जातो, आणि तोही नाव बिनचूक दिले असेल तरच.

‘त्यावर हक्क राखीव असल्याचे कुठे लिहिले होते?’ असेही विचारले जाते. तसे लिहिण्याची आवश्यकता नाही. बर्न कराराच्या १९०८ च्या दुरुस्तीपासून या हक्कासाठी नोंदणीची किंवा कोणत्याही खुणेची अट राहिलेली नाही. कृती निर्माण झाली की हक्क आपोआप लाभतो.

हा हक्क ज्ञानाच्या वाटेत आडवा येतो, हा आक्षेप मात्र मी गांभीर्याने घेते. म्हणूनच कायद्याने त्याला मर्यादा घातल्या आहेत. कल्पना, माहिती किंवा विषय यांवर कोणाचीही मालकी नसते; संरक्षण मिळते ते मांडणीला. परीक्षणासाठी किंवा अभ्यासासाठी योग्य तेवढे अवतरण देता येते. दृष्टिहीन वाचकांसाठी सुलभ प्रती करता याव्यात म्हणून २०१३ साली माराकेश येथे स्वतंत्र आंतरराष्ट्रीय करार झाला. शिवाय हक्काला मुदत असते: बर्न करारानुसार सर्वसाधारणपणे लेखकाच्या हयातीनंतर किमान ५० वर्षे, कित्येक देशांत ७०. त्यानंतर ती कृती सर्वांची होते. इंग्लंडच्या १७१० च्या कायद्याने मुद्रकांच्या संघाची मक्तेदारी मोडून प्रथम लेखकाला हक्कदार मानले, तेव्हाही नव्या पुस्तकांसाठी मुदत १४ वर्षांचीच होती आणि लेखक हयात असल्यास ती आणखी १४ वर्षे वाढत असे.

माझ्याकडे रीतसर आलेल्या विनंत्यांपैकी बहुतेकांना मी विनामोबदला होकार दिला आहे. एका ओळीचे पत्र पुरते, आणि होकार देताना छपाईतल्या जुन्या चुकाही दुरुस्त करून देता येतात.

आपण पुनर्मुद्रित मजकुराखाली केवळ ‘साभार’ न छापता ‘लेखकाच्या व अनुवादकाच्या परवानगीने’ असे छापावे आणि वाचकांनी पाठवलेल्या उताऱ्यांबाबतही त्या परवानगीची विचारणा करावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक अनुवादक