खातं आपलं, मग पोस्टही आपल्यासोबत यायला पाहिजेत

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मोठ्या कंपन्यांचे ॲप सोडा आणि मॅस्टोडॉन नाहीतर ब्लूस्काय या नव्या, खुल्या पद्धतीच्या सोशल मीडियावर या असं आजकाल बरेच जण सांगतात, माझाही त्याला पाठिंबाच आहे, पण उद्या तिथूनही निघावं लागलं तर सोबत काय येईल हे आधी विचारलं पाहिजे.

हे काहून म्हणतो, तर आम्ही काही जण नागपूरच्या महाल, इतवारी, सीताबर्डीचे जुने फोटो अशाच एका मोठ्या कंपनीच्या ॲपमधल्या ग्रुपवर टाकायचो. फोटोंपेक्षा खालच्या कमेंट जास्त मोलाच्या होत्या, बर्डीच्या एका फोटोखाली एका आजोबांनी डावीकडून एकेक दुकान कोणाचं, वरच्या माळ्यावर कोण राहायचं, सगळं लिहून काढलं होतं. ग्रुप चालवणाऱ्याचं खातं कंपनीनं बंद केलं, अपीलला उत्तर नाही, ग्रुप गेला. फोटो आमच्याकडे आहेत, आजोबांनी लिहिलेलं नाही.

मॅस्टोडॉन वेगवेगळ्या लोकांनी चालवलेल्या सर्वरवर, म्हणजे खाती आणि पोस्ट साठवणाऱ्या कॉम्प्युटरवर चालतं, आणि हे सर्वर ज्या ॲक्टिव्हिटीपब नावाच्या नियमांनी एकमेकांशी बोलतात त्यांना वेबचे मानक ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेनं जानेवारी २०१८ मध्ये मान्यता दिली. त्यात सर्वर बदलता येतो, फॉलोअर सोबत येतात, पण पोस्ट जुन्याच सर्वरवर राहतात, आणि तो सर्वर चालवणाऱ्यानं अचानक बंद केला तर फॉलोअरही हातचे गेले. मोबाईल नंबर आपण २०११ पासून देशभर पोर्ट करतोय, जुन्या कंपनीचं दुकान बंद झालं म्हणून नंबर सोडावा लागत नाही, मग इथे आपलं खातं का सोडायचं?

ब्लूस्काय ज्या नियमांवर चालतं त्या एटी प्रोटोकॉलमध्ये खात्याची ओळख सर्वरपासून वेगळी ठेवलीय, पोस्टसकट दुसरीकडे जाता येतं, म्हणून मला ही मांडणी जास्त पटते. पण बहुतेकांची ओळख ज्या डिरेक्टरीत नोंदलेली असते ती ब्लूस्कायनंच उभी केलेली आहे आणि बहुतेकांचा डेटाही त्यांच्याच सर्वरवर आहे, म्हणजे दार आहे पण त्यातून बाहेर पडलेले लोक थोडेच. नॉस्टर नावाच्या तिसऱ्या पद्धतीत तर सगळं एका गुप्त कीवर, म्हणजे पासवर्डसारख्या लांबलचक कोडवर, ती हरवली की पासवर्ड रिसेट करून द्यायला कोणीच नाही, आमच्या त्या आजोबांना मी हे कधीच सांगणार नाही. डिलीटचाही घोळ आहेच, पोस्ट दहा सर्वरवर पसरली की आपलं डिलीट म्हणजे नुसती विनंती, ती मानायची की नाही हे समोरच्या सर्वरवर.

आणि चालवणार कोण, पैसे कोण देणार? जर्मनी आणि नेदरलँड्सच्या सरकारांनी आपले मॅस्टोडॉन सर्वर उभे केले, पण युरोपियन युनियनच्या संस्थांसाठी एप्रिल २०२२ मध्ये सुरू झालेला सर्वर मे २०२४ मध्ये बंद पडला, पुढे चालवायला कोणी घेतलाच नाही. तरी मला वाटतं सरकारी सूचना एकाच खाजगी ॲपवर अडकून राहू नयेत. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे आमच्याकडचा अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन घराघरात पाणी शिरलं, अशा वेळी सूचना वाचायला लोकांनी आधी लॉगिन करत बसायचं का? महापालिकेनं, विद्यापीठानं याचा विचार करावाच.

सुरुवात तुमच्या पेपरनं करावी अशी विनंती आहे. ब्लूस्कायवर आपल्या वेबसाईटचा पत्ताच खात्याचं नाव म्हणून लावता येतो, त्यामुळे खोटं खातं कोणतं ते वाचकाला लगेच कळतं आणि उद्या सर्वर बदलला तरी नाव तेच राहतं. सेटिंग लावून द्यायला आमच्यातले दोघं-तिघं ऑफिसात यायला तयार आहेत, फक्त वेळ कळवा.

आपला,
एक वाचक, नागपूर