बाबा, ती निळी वही मी वाचली

आई-बाबा, नमस्कार.

फोनवर बोलले असते तर बाबा "बरं बरं, जेवलीस का" म्हणून विषय बदलणार आणि आई मागून खुणा करणार, म्हणून लिहितेय.

मे महिन्यात श्रीवर्धनला आले होते तेव्हा कपाटात सातबारा शोधताना ती निळी वही सापडली. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतरचा सगळा हिशोब त्यात आहे. पत्रे, रीपा, वासे, आडवे झालेले माड कापायला करवतवाला, तो ओंडका वाडीबाहेर काढायची मजुरी वेगळी, मोटारीसाठी भाड्याने आणलेला जनरेटर कारण लाईट किती आठवडे नव्हती. आणि शेवटच्या पानावर एकच ओळ, "एफडी मोडली". बाबा, मला तुम्ही तेव्हा सांगितलंत "सरकारकडून आले, भागलं". मी पण खरं मानलं, लॉकडाऊन होता, माझा पगार अर्धा झालेला, मला ते ऐकायलाच सोयीचं होतं.

भागलं कसं असेल? फळबागेची मदत हेक्टरी 18 हजारावरून 50 हजार केली तेव्हा आपण सगळे खुश झालो होतो, मी तर ग्रुपवर टाकलं पण होतं. पण आपली वाडी 20 गुंठे, म्हणजे हेक्टरचा पाचवा भाग, म्हणजे 10 हजार! त्यात सातबारा सामाईक, काका आणि दोन्ही आत्यांची संमतीपत्रं आणा, तलाठ्याकडे चार खेपा घाला. आपल्या पट्ट्यात हेक्टर कोणाकडे आहे हो, इथे लोक जमीन नाही, झाडं मोजतात. कोणाच्या किती पोफळी, किती माड, त्यावर घर चालतं.

आणि पडलेलं झाड म्हणजे काय त्या एका वर्षाची सुपारी गेली असं थोडीच असतं. नवीन पोफळ धरायलाच पाच-सात वर्षं. वर माड पडले म्हणून उघड्या पडलेल्या उरलेल्या पोफळी उन्हाने करपल्या, मग सावलीला आधी केळी लावा, मग रोपं, तोवर खत-पाणी चालूच आणि येणं शून्य. हा खर्च तुमच्या वहीत पण नाही बाबा. पुढच्या मे मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याने वर गेलं तेव्हा तुम्ही रात्रभर ओटीवर बसून होतात हे आईने मला दोन वर्षांनी सांगितलं. (आई, तू पण काही कमी नाहीस, पाटल्या कुठे आहेत ते मी विचारत नाहीये. सध्या.)

आता मुद्दा. घराचा विमा काढायचाय. बाबा म्हणणार "मातीचं घर, त्याचा कसला विमा", पण आपलं घर जांभ्याचं पक्कं आहे. 1 एप्रिल 2021 पासून भारत गृह रक्षा नावाची पॉलिसी सगळ्या कंपन्यांकडे साधारण सारखीच मिळते, त्यात वादळ, पूर सगळं येतं. रक्कम जागेच्या किमतीवर नाही, घर परत बांधायला किती लागतील त्यावर धरायची, त्यामुळे तुम्हाला वाटतं तेवढा हप्ता बसत नाही. घरातल्या सामानाचं पण त्यात धरलेलं असतं, इमारतीच्या रकमेच्या 20 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख. वाडीतल्या झाडांना याचा उपयोग नाही, हे आधीच सांगते नाहीतर नंतर मला ऐकवाल. नारळासाठी वेगळा विमा असतो, त्याची चौकशी कृषी ऑफिसात दादा करेल, मी त्याला सांगितलंय, तो "हो" म्हणालाय म्हणजे मलाच परत सांगावं लागणार.

हप्ता मी भरणार. यावर वाद नको. एफडीचं नंतर बघू, पण पुढच्या वेळी काही मोडायचं असेल तर आधी मला फोन, मग बँक.

शाकारणीच्या आधी घराचे चारही बाजूंनी फोटो काढून पाठवा, छपराचे, पन्हळीचे, मागच्या पडवीचे, मोटारीचे पण, आणि पत्र्यांची जुनी बिलं त्या वहीतच ठेवा, टाकू नका. आई, फोटोत तू मध्ये उभी राहणारच हे माहितीये, राहा, फक्त जरा बाजूला, मागचे पत्रे दिसू देत.

तुमची,
ताई